चुकलेले उत्तर काय सांगते?

एक चेंडू सरळ वर फेकला. हातातून तो सुटला आहे आणि अजून वरच चालला आहे. या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बले कार्य करीत आहेत? हवेचा विरोध सोडून द्या. पुढे वाचण्यापूर्वी तुमचे उत्तर एका कागदावर लिहून ठेवा पाहू!

अकरावीच्या वर्गात मी हा प्रश्न दरवर्षी विचारतो. बहुतेक विद्यार्थी दोन बाण काढतात. एक खाली, गुरुत्वाकर्षणाचा. दुसरा वर, ‘हाताने दिलेल्या जोराचा’. वरचा बाण जरा मोठा असतो, कारण चेंडू वर चालला आहे ना! दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळवलेले आणि न्यूटनचे तिन्ही नियम तोंडपाठ असलेले विद्यार्थीही यात असतात. वास्तविक बल एकच आहे, आणि ते खाली आहे. चेंडू सुटला त्याच क्षणी हाताचे बल संपले. चेंडूजवळ उरला तो वेग, आणि गुरुत्वाकर्षण तो क्षणाक्षणाला कमी करीत आहे.

मग हे विद्यार्थी ‘ढ’ म्हणायचे काय? मुळीच नाही. उसाने भरलेली गाडी बैलांनी ओढायचे थांबवले की थांबते. सायकलचे पायडल मारायचे सोडले की थोड्या अंतरावर ती उभी राहते. गती हवी असेल तर जोर लावत राहिले पाहिजे, हा नियम मुलाने लहानपणापासूनच्या अनुभवातून स्वतः काढलेला असतो. घर्षण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते हिशेबातून सुटते. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिदान या पंडिताने असेच काहीसे मांडले होते: फेकणारा माणूस फेकलेल्या वस्तूत एक प्रकारचा जोर भरतो आणि त्या जोरावर ती पुढे जाते. त्यानंतर न्यूटनचा ग्रंथ यायला १६८७ साल उजाडावे लागले. ज्या कल्पनेतून बाहेर पडायला युरोपातील विद्वानांना तीनशे वर्षे लागली, ती नववीतला मुलगा पस्तीस मिनिटांच्या एका तासात सोडील ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?

विद्यार्थी कसा शिकतो आणि कोठे अडतो, याचा अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे शैक्षणिक मानसशास्त्र. त्यातील एक मोठे नाव म्हणजे स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे (१८९६–१९८०). १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांचे काम करताना त्यांच्या लक्षात आले, की एका वयाची मुले पुष्कळदा एकाच प्रकारे चुकतात. चाचणी घेणाऱ्याला बरोबर उत्तरे मोजायची असतात. पियाजेंना चुकलेली उत्तरे अधिक मोलाची वाटू लागली. रुंद भांड्यातले पाणी मुलादेखत उंच, अरुंद पेल्यात ओतले तर चार-पाच वर्षांचे मूल म्हणते, “पाणी वाढलं!” ते खोटे बोलत नाही. ते फक्त उंचीकडे पाहत असते. (प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली की उत्तरेही काहीशी बदलतात, हे पुढच्या संशोधकांनी दाखवून दिले. पण मूल मोठ्यांच्या विचारांची लहान प्रत नसते, हा मुद्दा टिकून राहिला.) पुढे १९६८ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड ओसुबेल यांनी यातले सार मांडले. शिकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे, यावर त्याचे शिकणे सर्वांत जास्त अवलंबून असते. तेव्हा शिक्षकाने ते प्रथम शोधावे आणि त्यानुसार शिकवावे.

आपल्याकडे या शोधात आणखी एक अडथळा सापडला. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झाले. त्याचे संस्थापक संचालक वि. गो. कुलकर्णी हे स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते. मागे पडणारी मुले नेमकी कोठे अडतात हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले, तेव्हा पुष्कळदा अडचण विज्ञानाची नसून पाठ्यपुस्तकातील भाषेची असल्याचे दिसून आले. तोच मजकूर सोप्या भाषेत दिल्यावर मुलांना तो अधिक समजू लागला. ज्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर ‘विज्ञानात कच्चा’ असा शेरा पडला, तो कदाचित पुस्तकी मराठीलाच अडखळत होता!

कोल्हापुरात राहून मला हे फार पटते. आमच्याकडे तालमीत पोरे ‘जोर’ मारतात, पैलवानाच्या अंगात ‘ताकद’ असते आणि आजारातून उठलेल्याला ‘शक्ती’ येण्यासाठी दूध देतात. बोलण्यात हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल चालतात. पुस्तकात मात्र बल वेगळे, ऊर्जा वेगळी आणि शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. लक्ष्मीपुरीच्या बाजारात डोक्यावर पोते घेऊन उभा असलेला हमाल घामाघूम झाला तरी भौतिकीच्या हिशेबी तो त्या पोत्यावर काहीच ‘कार्य’ करीत नाही, कारण पोते जागचे हललेले नाही. व्याख्या फळ्यावर लिहिण्यापूर्वी शिक्षकाने “जोर म्हणजे काय रे?” एवढे विचारले, तरी निम्मा गोंधळ समोर येतो.

मुलाच्या अनुभवापासून सुरुवात करण्याचा प्रयोग कोल्हापुरातच झाला आहे. अध्यापक महाविद्यालयात पुष्कळ वर्षे शिकवलेल्या लीलाताई पाटील (१९२७–२०२०) यांनी १९८५ मध्ये येथे सृजन आनंद विद्यालय ही मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू केली. मुलांचे परिसरातील अनुभव हाच तेथे अभ्यासाचा पाया मानला गेला, आणि भीती व शिक्षा यांना वर्गाबाहेर ठेवले गेले. भीती नसणे हे माझ्या मते यातले सर्वांत शास्त्रीय कलम आहे. छडी दिसली की मूल मनातले उत्तर दडवते आणि पुस्तकातले म्हणून दाखवते. मग शिक्षकाला कळणार तरी काय?

शिक्षक म्हणतील, वर्गात साठ मुले. पोर्शन कधी संपवायचा? अडचण खरी आहे. हार्वर्डमध्ये भौतिकी शिकवणारे एरिक माझुर यांनी १९९१ पासून मोठ्या वर्गासाठी एक युक्ती वापरली. चेंडूसारखा एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. याला पाच-सात मिनिटे पुरतात. १९९८ साली रिचर्ड हेक यांनी अमेरिकेतील ६२ अभ्यासक्रमांतील सुमारे साडेसहा हजार विद्यार्थ्यांच्या चाचण्या एकत्र तपासल्या. केवळ व्याख्याने ऐकलेल्या वर्गांत, सुरुवातीला जे येत नव्हते त्यातले सरासरी चौथा हिस्साही भरून निघाले नव्हते. विद्यार्थ्यांना बोलते करणाऱ्या वर्गांत मात्र ते जवळजवळ निम्मे भरून निघाले.

आता एक प्रयोग तुम्हीच करा. थंडीत सकाळी लवकर, रात्रभर एकाच खोलीत राहिलेले रिकामे पितळी भांडे आणि लाकडी पाट घ्या. घरातील तिघांना दोन्हींना हात लावायला सांगा आणि विचारा, “यांतल्या कशाचे तापमान कमी?” उत्तराबरोबर ‘का’ तेही विचारा. बहुतेक जण पितळेचे नाव घेतील. लगेच चूक दाखवू नका. प्रत्येकाचे कारण त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा. नंतर शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक दोन्हींना आळीपाळीने टेकवून पाहा. दोन्ही वेळा आकडा जवळजवळ सारखाच येईल. पितळ हाताची उष्णता झपाट्याने ओढून घेते, लाकूड सावकाश. आता पुन्हा त्याच तिघांकडे जा, हे समजावून सांगा आणि आठवड्याने तोच प्रश्न लोखंडी कढई व चटई घेऊन विचारा. कोणाचे उत्तर बदलले आणि कोण अजून पहिल्याच कारणाला धरून आहे, ते आधीच्या नोंदीशेजारी लिहा.