साप्ताहिक संगीतकार्यक्रम आणि निवेदक : सोल संगीत, गीतमाला आणि इंटरनेट रेडिओ
(हिंगोली जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

रेडिओ हे श्राव्य माध्यम आहे, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की त्यातील आशय आता सहसा लक्षात घेतला जात नाही. रेडिओवरील संगीतकार्यक्रमात श्रोत्याला केवळ गाणे ऐकू येत नाही. कोणीतरी ते गाणे त्याच्यासाठी निवडले आहे, त्याविषयी दोन शब्द सांगितले आहेत आणि पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पुन्हा भेटण्याचे कबूल केले आहे, हेही त्याला जाणवते. ही निवड, हे निवेदन आणि हे वचन या तीन गोष्टींवर साप्ताहिक संगीतकार्यक्रम उभा असतो. इंटरनेटमुळे आज कोणतेही गाणे केव्हाही ऐकता येते. अशा काळात आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी, जुन्या संगीताचा कार्यक्रम सादर करण्याचे प्रयोजन काय, आणि महाविद्यालयासारख्या संस्थेला तो सादर करावयाचा झाल्यास कोणत्या बाबींचा विचार करावा लागेल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

साप्ताहिकतेचा अर्थ : दोन उदाहरणे

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय श्रोत्याला आठवड्याच्या भेटीची सवय लावणारा कार्यक्रम म्हणून 'बिनाका गीतमाला'चा उल्लेख करावा लागतो. १९५२ मध्ये केंद्रीय माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे बा. वि. केसकर या मराठी मंत्र्यांकडे आली. शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते असलेल्या केसकरांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचे प्रमाण झपाट्याने घटले. ही पोकळी रेडिओ सिलोनने भरून काढली. ३ डिसेंबर १९५२ रोजी अमीन सयानी यांच्या निवेदनासह गीतमाला सुरू झाली. मुंबईत ध्वनिमुद्रित केलेला कार्यक्रम विमानाने कोलंबोस पाठविला जाई व तेथून लघुलहरींवर प्रसारित होई. आरंभी सात गाणी वाजवून श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावावा अशी स्पर्धा असे. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे नऊ हजार पत्रे आली. पुढे हीच स्पर्धा लोकप्रियतेच्या क्रमवारीत रूपांतरित झाली आणि बुधवारची रात्र हा एक सामाजिक संकेत ठरला. केसकरांच्याच काळात, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती ही सेवा सुरू करावी लागली, यातच श्रोत्यांच्या पसंतीचा विजय दिसून येतो.

दुसरे उदाहरण अस्सल मराठी आहे. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. या केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, ग. दि. माडगूळकर यांची शब्दरचना व सुधीर फडके यांचे संगीत असलेल्या 'गीतरामायणा'चा प्रारंभ झाला. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर छप्पन्न गीते प्रसारित झाली. संपूर्ण गीतरामायण आज काही तासांत ऐकून संपविता येते. परंतु त्या वर्षी श्रोत्याला पुढील प्रसंगासाठी सात दिवस थांबावे लागत होते. या थांबण्यातूनच गीताविषयीची चर्चा, त्याचे पाठांतर आणि पुढील गीताची उत्कंठा निर्माण झाली. साप्ताहिक कार्यक्रमाची शक्ती दोन कार्यक्रमांमधील अंतरातही असते, हे यावरून स्पष्ट होते.

सोल संगीत आणि शिक्षक निवेदक

या परंपरेचे एक पाश्चात्त्य प्रतिरूप महाविद्यालयीन अध्यापकांनी विशेषत्वाने अभ्यासावे असे आहे. 'सोल' म्हणजे आत्मा. १९५० च्या दशकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या चर्चमधील भक्तिगायन आणि लौकिक ऱ्हिदम अँड ब्ल्यूज यांच्या संयोगातून ही गायनशैली आकारास आली. रे चार्ल्स यांनी भक्तिगीताच्या धाटणीत लौकिक प्रेमभावना गायिली. सॅम कुक हे भक्तिगायकांच्या चमूतून लौकिक संगीतात आले. अरिथा फ्रँकलिन या तर धर्मोपदेशकाच्या कन्या होत्या. डेट्रॉइट येथील मोटाऊन आणि मेम्फिस येथील स्टॅक्स या ध्वनिमुद्रण संस्थांनी ही शैली जगभर पोहोचविली.

परंतु तत्पूर्वीच रेडिओने तिच्यासाठी जमीन तयार केली होती. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए या केंद्राचे मालक गौरवर्णीय होते. ऑक्टोबर १९४८ मध्ये या केंद्राने नॅट विल्यम्स या कृष्णवर्णीय निवेदकास ध्वनिक्षेपकासमोर बसविले. विल्यम्स हे शहरातील एका माध्यमिक शाळेत इतिहासाचे शिक्षक होते. शाळा सुटल्यावर ते केंद्रावर येत आणि संगीताचा कार्यक्रम सादर करीत. पुढे या केंद्राने आपले सर्व कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांना उद्देशून सादर करण्यास प्रारंभ केला आणि १९५४ मध्ये त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती पन्नास हजार वॅटपर्यंत वाढली. वर्गात इतिहास शिकविणारा मनुष्य सायंकाळी त्याच समाजाचे गाणे त्याच समाजाला सन्मानपूर्वक ऐकवीत होता, ही बाब लक्षणीय आहे. १९६७ साली अटलांटा येथे रेडिओ निवेदकांच्या संमेलनात बोलताना मार्टिन ल्यूथर किंग यांनी नागरी हक्कांच्या चळवळीतील या निवेदकांच्या योगदानाचा गौरव केला होता.

मराठवाड्यातील समांतर परंपरा

सोल संगीताचा हा इतिहास मराठी वाचकास परका वाटण्याचे कारण नाही. भक्तिगीताची चाल आणि मुक्तीचा आशय यांचा असाच संयोग आंबेडकरी जलशांत व भीमगीतांत झाला. वामनदादा कर्डक यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून ही गीते रचली व गायिली. प्रल्हाद शिंदे यांच्या एकाच आवाजाने विठ्ठलाची भक्तिगीते आणि भीमगीते अशी दोन्ही महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचविली. चर्चमधील आवाज आणि सोलमधील आवाज एकच असावा, तसाच हा प्रकार आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. राजकीय नात्याची ही नोंद सर्वत्र होते. सांगीतिक नात्याची नोंद मात्र क्वचितच झाली आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाच तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११ लाख ७७ हजारांच्या आसपास होती आणि त्यातील बहुतांश ग्रामीण होती. परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी याच जिल्ह्यात आहे. नामदेवांच्या एकसष्ट रचना शीख धर्मीयांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. कोणत्याही यंत्राच्या साहाय्याशिवाय येथील शब्द पंजाबपर्यंत पोहोचला, याचे हे प्रमाण होय. अभंग, भारूड, जात्यावरील ओव्या, शाहिरी आणि भीमगीते यांचा मोठा साठा या परिसरात आहे. त्यापैकी जे काही ध्वनिमुद्रित झाले ते प्रामुख्याने कॅसेटच्या फितीवर. फितीवरील चुंबकीय थर कालांतराने झडतो, बुरशी धरतो, आणि ती वाजविणारे यंत्रही आता घरांतून नाहीसे झाले आहे. त्यामुळे जुन्या संगीताच्या कार्यक्रमाचा प्रश्न येथे जतनाचा प्रश्न म्हणून उपस्थित होतो.

इंटरनेट रेडिओचे तंत्र

पारंपरिक प्रक्षेपणात प्रक्षेपक एकदा लहरी सोडतो. त्या टप्प्यातील श्रोते दहा असोत वा दहा लाख, प्रक्षेपकावरील भार सारखाच राहतो. इंटरनेट रेडिओचे तसे नाही. येथे सर्व्हर प्रत्येक श्रोत्यास स्वतंत्र प्रवाह पाठवितो. सेकंदाला ६४ किलोबिट या दर्जाचा प्रवाह घेतल्यास एका श्रोत्यास तासाभरात सुमारे २९ मेगाबाइट माहिती जाते. शंभर श्रोते एकाच वेळी ऐकत असतील तर सर्व्हरला सेकंदाला ६.४ मेगाबिट इतका प्रवाह अखंड द्यावा लागतो. म्हणजेच येथे लोकप्रियतेबरोबर खर्चही वाढतो. त्याच्या मोबदल्यात भौगोलिक मर्यादा मात्र संपुष्टात येते. सामुदायिक रेडिओचा आवाज साधारणतः काही किलोमीटरच्या परिघातच पोहोचतो. सेनगाव तालुक्यातून ऊसतोडीसाठी वा नोकरीसाठी बाहेर गेलेल्या माणसापर्यंत तो जाऊ शकत नाही. इंटरनेट रेडिओ जाऊ शकतो. शिवाय येथे वारंवारितेचा वापर होत नसल्याने तिच्या वाटपाचा प्रश्न उद्भवत नाही.

स्वामित्वहक्काचा प्रश्न

तंत्र सुलभ असले तरी कायदा तितका सुलभ नाही. भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ अन्वये एका गाण्यात किमान तीन हक्क सामावलेले असतात : शब्दांचा, संगीतरचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. त्यामुळे १९५६ साली प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रिकेवरील हा हक्क २०१६ अखेर संपला. मात्र शब्द व संगीत यांचा हक्क रचनाकाराच्या निधनानंतर साठ वर्षे राहतो. माडगूळकरांचे निधन १९७७ मध्ये झाले, म्हणून त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत राहील. वामनदादांचे निधन २००४ मध्ये झाले, म्हणून त्यांच्या रचनांबाबत ही मुदत २०६४ अखेरपर्यंत जाते. 'जुने आहे म्हणजे मुक्त आहे' हा समज किती फसवा आहे, हे यावरून दिसून येते.

२०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात समाविष्ट झालेले कलम ३१-ड रेडिओ व दूरचित्रवाणी प्रसारकांना ठरावीक शुल्क भरून गाणी वाजविण्याची वैधानिक मुभा देते. परंतु ही मुभा इंटरनेटवरील सेवांना लागू होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम केला. शैक्षणिक संस्थांना कलम ५२ अन्वये मिळणारी सवलतही विद्यार्थी, कर्मचारी, पालक व संस्थेच्या कार्याशी निगडित व्यक्ती एवढ्याच श्रोतृवर्गापुरती आहे. जगास खुला असलेला प्रवाह त्यात बसत नाही. परिणामी महाविद्यालयापुढे दोनच मार्ग उरतात. एक, हक्कधारकांकडून रीतसर परवाना घेणे. दुसरा, पारंपरिक व अनामिक रचना स्थानिक गायकांकडून, त्यांच्या लेखी संमतीने, नव्याने ध्वनिमुद्रित करून प्रसारित करणे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात दुसरा मार्ग अधिक श्रमाचा परंतु अधिक फलदायी आहे, कारण त्यातून कार्यक्रमाबरोबरच एक संग्रहही उभा राहतो.

निवेदकाचे कार्य

साठ मिनिटांच्या कार्यक्रमात साडेतीन मिनिटांची बारा गाणी घेतल्यास बेचाळीस मिनिटे होतात. उरलेली अठरा मिनिटे निवेदकाची असतात, म्हणजे प्रत्येक गाण्यामागे दीड मिनिट. या दीड मिनिटात काय सांगावे आणि काय सांगू नये, यावर कार्यक्रमाचे यश अवलंबून असते. अध्यापकाकडून येथे एक चूक संभवते, ती म्हणजे व्याख्यान देण्याची. गाणे कोणी रचले, कोणत्या प्रसंगी गायिले गेले, त्यात ऐकण्यासारखे नेमके काय आहे, एवढे सांगून निवेदकाने बाजूला व्हावे. अमीन सयानी यांनी संबोधनात बहिणींना भावांच्या आधी स्थान दिले. एका शब्दक्रमाच्या बदलाने घरात रेडिओ ऐकणाऱ्या स्त्रीची दखल घेतली गेली. निवेदकाची भाषा कोणास सामावून घेते व कोणास वगळते, याचे भान येथे आवश्यक ठरते. जात्यावरील ओवी गाणाऱ्या स्त्रीचे नाव उच्चारणे, तिच्या गावाचा उल्लेख करणे, हीदेखील अशीच दखल होय.

गाण्यांचा क्रम हे निवेदकाचे दुसरे साधन आहे. एखादे भक्तिगीत आणि त्याच धाटणीतील भीमगीत लागोपाठ ऐकविल्यास जे नाते दीर्घ लेखाने सिद्ध करावे लागते ते सात मिनिटांत श्रोत्याच्या कानी पडते. संगणकीय शिफारशीची प्रणाली श्रोत्याने पूर्वी ऐकलेल्याच्या जवळचे सुचविते. निवेदक मात्र श्रोत्याने न मागितलेले परंतु त्याने ऐकावे असे गाणे पुढे ठेवू शकतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, साप्ताहिक संगीतकार्यक्रमाचे महत्त्व गाण्यांच्या उपलब्धतेवर अवलंबून नाही. निवड, निवेदन आणि नियमितता ही त्याची बलस्थाने इंटरनेटच्या युगातही कायम आहेत. तंत्राचा खर्च मर्यादित असला तरी स्वामित्वहक्काच्या बाबतीत काटेकोर राहणे अनिवार्य आहे, आणि या मर्यादेमुळेच स्थानिक गायकांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळण्याची संधी प्राप्त होते. मेम्फिसमधील एका इतिहासशिक्षकाने शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत जे केले ते हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरचे नाही. मात्र त्यास विलंब परवडणारा नाही. ज्यांच्या कंठात ही गाणी आहेत त्यांची वये वाढत आहेत आणि ज्या फितींवर ती आहेत त्या झिजत आहेत.