गेटच्या आत कायदा थांबत नाही

“आतमधी कशाला लागतंय लायसन? कॅम्पस आहे हा.”

हे वाक्य नांदेडला विष्णुपुरीच्या टपरीवर ऐकू येतं, लातूरला कॉलेजच्या सायकल स्टँडवर ऐकू येतं, आणि ते म्हणणारे फक्त विद्यार्थीच असतात असंही नाही. चांगले शिकले-सवरलेले लोकही ठामपणे हेच सांगतात. लायसनच्या जागी कधी हेल्मेट येतं, कधी विमा, कधी ‘नो पार्किंग’चा बोर्ड. मूळ समजूत मात्र एकच. विद्यापीठाचं आवार ही खासगी जागा, तिथं मोटार वाहन कायदा चालत नाही, फार झालं तर वॉचमनशी काय ते मिटवायचं.

ही समजूत चुकीची आहे. वैताग याचा की तिचीच दुसरी बाजू प्रशासनाच्या डोक्यातही पक्की बसलेली असते. ‘जागा आमची, म्हणून कायदाही आमचा. चाकाला कुलूप लावू, हवा सोडू, लायसन काढून घेऊ.’ दोघांची गफलत एकाच ठिकाणी होते, म्हणून आधी तीच नीट पाहू.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. लायसनची सक्ती (कलम ३), वयाची अट (कलम ४), धोकादायक रीतीने गाडी उभी करण्यास मनाई (कलम १२२), बेवारस किंवा चुकीच्या जागी लावलेली गाडी उचलणं (कलम १२७), हेल्मेट (कलम १२९), विमा (कलम १४६) या सगळ्या तरतुदी ‘सार्वजनिक जागे’ला लागू होतात. सार्वजनिक जागा म्हणजे काय, ते कलम २ च्या ३४ व्या पोटकलमात सांगितलं आहे. लोकांना जिथं जाण्याचा हक्क आहे असा रस्ता, गल्ली, वाट किंवा अन्य कोणतीही जागा, मग तिथून आरपार जाता येवो अथवा न येवो. एस.टी. जिथं प्रवासी चढवते-उतरवते ती जागाही त्यात आली. ही व्याख्या पुन्हा एकदा वाचा. सातबारा कोणाच्या नावावर आहे, कंपाउंड कोणी बांधलं, गेट कोणी बसवलं, यातलं काहीही त्यात नाही. मालकी हा प्रश्नच नाही; लोक तिथं जाऊ शकतात का, हा प्रश्न आहे.

“पण गेटवर अडवतात, पास बघतात. मग हक्क कसला?” हा आक्षेप हमखास येतो. त्याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने केव्हाच देऊन ठेवलं आहे (ए.आय.आर. १९८८, मुंबई, पान २४८). प्रकरण जुन्या, १९३९ च्या कायद्याखालचं आणि विम्याच्या जबाबदारीचं होतं, पण ‘सार्वजनिक जागे’ची व्याख्या तेव्हाही हीच होती. न्यायालयाने म्हटलं की लोकांचा प्रवेश परवानगीने, तिकिटाने, पासने, बिल्ल्याने किंवा पैसे भरून मिळणारा असला, एखाद्या कामापुरता मर्यादित असला, तरी ती जागा सार्वजनिक ठरू शकते. म्हणजे गेटवरचा पास दाखवून ‘ही खासगी जागा’ असं म्हणणाऱ्याचा मुद्दा त्या पासनेच निकालात निघतो.

आता हे आपल्या आवाराला लावून बघा. नांदेडच्या विष्णुपुरीतलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. किनवटहून कोणी स्थलांतर प्रमाणपत्रासाठी येतो, गंगाखेडहून कोणी निकालातली चूक दुरुस्त करायला येतो, उदगीरहून बाप लेकीला प्रवेशासाठी घेऊन येतो. निविदावाले येतात, परीक्षेचे गठ्ठे घेऊन कॉलेजांच्या गाड्या येतात, युवक महोत्सवाला तर अख्खे संघ येतात. विष्णुपुरीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या रुग्णालयात येणाऱ्या माणसाला ‘ही खासगी जागा आहे’ असं कोण सांगणार? या आवारांतले रस्ते लोकांच्या रोजच्या कामाचे आहेत.

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती अर्धवट ऐकून वाद घालणारेही भेटतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातल्या एका यार्डाबाबत निकाल दिला. भोवती भिंत, गेटवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, आणि सर्वसामान्य माणसाला आत जाण्याचा हक्कच नाही. अशी जागा सार्वजनिक नव्हे, म्हणून फक्त तिथंच वापरलेल्या वाहनांवर मोटार कर लागत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. एक तर हा वाद कराचा होता. आणि मुख्य म्हणजे कसोटी तिथंही तीच लावली गेली: लोकांना प्रवेश आहे की नाही. पोलाद कारखान्याचं यार्ड आणि परीक्षा विभागासमोरचं लिंबाचं झाड यांतला फरक ओळखायला वकील लागत नाही.

एवढ्यावरही ‘कॅम्पस खासगीच’ म्हणायचं असेल, तर त्या वाक्याची किंमत समजून घ्या. सक्तीचा तृतीय पक्ष विमाही सार्वजनिक जागेतल्या अपघातासाठी आहे. ग्रंथालयाच्या वळणावर भरधाव बाइकने एखाद्या मुलीला उडवलं, तर ‘ही सार्वजनिक जागा नाही’ हे वाक्य सगळ्यात आधी विमा कंपनीचा वकील उच्चारेल. वर सांगितलेल्या पूर्णपीठाच्या निकालाने अशाच पळवाटेला अटकाव केला. कॅम्पस कायद्याबाहेर असता, तर दंड वाचला असता तो गाडीवाल्याचा आणि नुकसान झालं असतं ते जखमी झालेल्याचं.

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो तो अकरावी-बारावीच्या मुलांना. परीक्षांच्या तयारीसाठी नावाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’मुळे गावोगावची सोळा-सतरा वर्षांची मुलं लातुरात राहतात. सकाळी क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास. घरचे प्रेमापोटी स्कुटी घेऊन देतात. नांदेडमध्येही चित्र वेगळं नाही. कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय एकाच आवारात असतं, त्यामुळे ‘कॉलेजच्या आत तर लावायची आहे’ हे कारण पुरेसं वाटतं. कायद्याने सोळाव्या वर्षी लायसन मिळतं ते ५० सी.सी.पर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीसाठी. आज रस्त्यावर दिसणाऱ्या नेहमीच्या स्कुट्या १०० सी.सी.च्या वरच्या आहेत. त्यांना अठरा पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९-अ पालकांनी एकदा वाचावंच. अल्पवयीन मुलाने वाहन कायद्याखालचा गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकाची. चावी स्वतःच हातात दिली असेल, तर ते कसं सिद्ध करणार?

आता दुसरी बाजू, प्रशासनाची. कायदा गेटच्या आत येतो याचा अर्थ गेटवरचा माणूस पोलीस होतो असा नाही. विद्यापीठाचे अधिकार दोन प्रकारचे. जागेचा ताबा त्यांच्याकडे आहे, म्हणून गाड्या कुठं लावायच्या, कोणाला पास द्यायचा, शुल्क किती, हे ते ठरवू शकतात. आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ खालच्या शिस्तीच्या नियमांनुसार ते आपल्या विद्यार्थ्यांवर कारवाई करू शकतात. बाहेरून आलेल्या माणसाला शिस्तभंगाची नोटीस देता येत नाही. त्याला गाडी हलवायला सांगता येतं, आत येण्यापासून रोखता येतं, आणि नाहीच ऐकलं तर पोलिसांना बोलावता येतं.

चाकाला जॅमर लावण्याचा किंवा गाडी टो करण्याचा अधिकार कलम १२७ ने गणवेशातल्या, त्या हद्दीच्या पोलीस अधिकाऱ्याला दिला आहे. सुरक्षारक्षकाचं नाव त्यात नाही. लायसन किंवा कागद ताब्यात घेण्याचा अधिकार कलम २०६ खाली पोलिसांना आणि शासनाने नेमलेल्या व्यक्तीला आहे. तिथंही वॉचमन नाही. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यात तर पोलिसांसारखा दिसणारा गणवेश घालणं हाच गुन्हा आहे. आणि हवा सोडणं? ही शिक्षा मोटार वाहन कायद्याच्या एकाही कलमात नाही. लातुरात अंबाजोगाई रोडपर्यंत गाडी ढकलत नेणाऱ्या पोराला शिस्त लागत नाही, चीड येते. दंड घ्यायचा तर तो लेखी आदेशाने, ठरलेल्या रकमेत आणि छापील पावती देऊन. पावती न देता घेतलेल्या दोनशे रुपयांना दंड म्हणत नाहीत.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

गैरसमज: कुलगुरूंच्या परवानगीशिवाय पोलिसांना कॅम्पसमध्ये येता येत नाही.
वस्तुस्थिती: हा संकेत आहे, कायदा नाही. दखलपात्र गुन्हा घडला असेल तर पोलिसांना कोणाची परवानगी लागत नाही. रोजच्या वाहतुकीसाठी ते सहसा प्रशासनाच्या विनंतीवरून येतात, एवढंच.

गैरसमज: दहा तास होईपर्यंत गाडी उचलता येत नाही.
वस्तुस्थिती: दहा तासांची अट बेवारस किंवा मालक जवळ नसलेल्या गाडीला आहे. पार्किंगला मनाई असलेल्या जागी लावलेल्या गाडीला वेळेची सवलत नाही. टोइंगचा खर्चही मालकाचाच.

गैरसमज: पार्किंगचे पैसे भरले, आता गाडी चोरीला गेली तर भरपाई त्यांनी द्यायची.
वस्तुस्थिती: नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलला जबाबदार धरलं, कारण तिथं गाडीची चावी हॉटेलच्या माणसाच्या हातात दिली होती, म्हणजे ताबा दिला होता. गाडी तुम्ही स्वतः लावली आणि चावी खिशात ठेवली, तर प्रश्न वेगळा होतो. पण ‘मालकाच्या जबाबदारीवर’ एवढा बोर्ड लावला की ताबा घेणारा मोकळा झाला, असंही नाही.

गैरसमज: बॅटरीवरच्या स्कुटीला लायसन लागत नाही.
वस्तुस्थिती: मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच. हिरवी नंबर प्लेट आहे म्हणजे लायसन हवं.

गैरसमज: मूळ कागद जवळ नसले तर दंड बसतोच.
वस्तुस्थिती: डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली प्रत चालते. व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवलेला फोटो चालत नाही.

गैरसमज: ई-चलन भरू नका, लोकअदालतीत माफ होतं.
वस्तुस्थिती: लोकअदालतीत तडजोड होते, आपोआप माफी होत नाही. चुकीच्या पार्किंगचा साधा दंड पहिल्यांदा ५०० रुपये आणि पुन्हा सापडलात तर १,५०० रुपये. साठवून तो कमी होत नाही.

गैरसमज: दिव्यांगांची जागा रिकामीच असते, पाच मिनिटं लावली तर काय बिघडलं?
वस्तुस्थिती: ती जागा ३.६ मीटर रुंद आणि दारापासून ३० मीटरच्या आत ठेवण्याचा दंडक आहे, कारण व्हीलचेअर गाडीतून काढायला बाजूला मोकळी जागा लागते. ती रिकामी असते तेव्हाच कामाची असते.

गैरसमज: कॅम्पसमध्ये गाड्या लावायला जागाच नाही.
वस्तुस्थिती: एप्रिलच्या दुपारी कुठल्याही इमारतीसमोर उभं राहून बघा. पत्र्याच्या शेडमागचं मैदान मोकळं असतं आणि पायऱ्यांसमोरच्या लिंबाच्या सावलीत गाड्या तीन-तीन रांगांत खेटून असतात. मधल्या रांगेतली स्कुटी हँडल लॉक केलेली, तिचा मालक दुसऱ्या मजल्यावर पेपर देतोय. त्यात एखादी कार आडवी. राज्याच्या बांधकाम नियमांत कारला अडीच बाय पाच मीटर आणि दुचाकीला एक बाय दोन मीटर जागा धरतात. म्हणजे त्या एका कारने सहा दुचाक्यांची जागा खाल्ली. आपल्याकडे कमतरता जागेची नाही, सावलीची आहे. शेड आणि झाडं वाढवणं हे प्रशासनाचं काम आहे. तोवर चार पावलं उन्हात चालणं आपलं. त्याच पायऱ्यांसमोर उद्या अग्निशमन गाडी आणायची वेळ आली, तर तिला सहा मीटरचा मोकळा रस्ता लागतो. चाळीस हँडल लॉक तोडायला तेव्हा कोणाकडेच वेळ नसेल.

विद्यार्थ्यांनो, लायसन, हेल्मेट आणि विमा गेटच्या आतही लागतो. पालकांनो, अठराच्या आत चावी देऊ नका. क्लासला सिटी बस जाते, सायकलही जाते. आणि प्रशासनाने नियमांचा लेखी आदेश गेटवर ठळक मराठीत लावावा, दंडाची पावती द्यावी, हवा सोडणं आजच बंद करावं. ज्याला नियम मोडायचा आहे त्याला तो माहीत असतोच. तो पाळायची ज्याची तयारी आहे, त्याला किमान वाचायला तरी मिळाला पाहिजे.