दहाच्या आत घरात

परदेशातला रॉक वाढला तो अरिनात. डोक्यावर छप्पर, पंधरा-वीस हजार माणसं आणि आवाज बाहेर जाऊ न देणाऱ्या भिंती. मुंबईला असं सभागृह मिळालंच नाही. वरळीचा डोम त्यातल्या त्यात जवळचा, पण मोठ्या नावांना तोही अपुरा. त्यामुळे आपण आवडता बँड पाहिला तो क्रिकेटच्या मैदानात, रेसकोर्सवर, नाहीतर बीकेसीच्या धुळीत. सगळं उघड्यावर, आणि उघड्यावर म्हणजे रात्री दहाला भोंगे बंद. गणपती-नवरात्रात काही रात्री ही मुदत बारापर्यंत वाढते, रॉकसाठी कोण वाढवणार?

त्यातही रंगभवन आपलं होतं. धोबीतलावला, झेवियर्स कॉलेजच्या मागचं खुलं नाट्यगृह. 1978 मध्ये तिथे जॅझ यात्रा भरली आणि 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक. परदेशी बँड येण्याची आशा नव्हती, मग इथलीच पोरं त्यांची गाणी वाजवायची आणि आम्ही त्यांनाच अस्सल मानून घसा फोडायचो. रॉक मशीनसारखे काही स्वतःचीही गाणी करत. ऱ्हिदम हाऊसमधून कॅसेट आणायची ऐपत एखाद्याचीच. बाकीचे ती कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेत, आणि तिसऱ्या-चौथ्या कॉपीत गिटारपेक्षा टेपची खरखरच जास्त. तरी प्रत्येक सोलो तोंडपाठ. पुढे आजूबाजूच्या हॉस्पिटलांमुळे आणि कॉलेजांमुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला रंगभवनातला रॉक संपला.

मोठे बँड मात्र आपल्याकडे बहुधा पेन्शनीत निघाल्यावर यायचे. 1980 मध्ये भरात असलेला ‘द पोलिस’ मुंबईत वाजवून गेला, तो अपवादच. 1988 मध्ये अ‍ॅम्नेस्टीच्या मैफलीसाठी स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गेब्रिएल आले, पण दिल्लीला. डीप पर्पल 1995 मध्ये आले तेव्हा त्यांचा सुवर्णकाळ उलटून वीसेक वर्षं झाली होती. 2003 च्या एप्रिलमध्ये ब्रेबॉर्नवर रोलिंग स्टोन्स आले तेव्हा जॅगर साठीला टेकलेला. पळत मात्र तो विशीतल्या पोरासारखा होता, हे कबूल करायला हवं.

माझ्या लेखी खरा बदल झाला 1 फेब्रुवारी 2008 ला. आयर्न मेडनने आपल्या नव्या जागतिक दौऱ्याचा नारळ मुंबईत फोडला. वर्षभर आधी ते बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले होते, पण दौऱ्याचा पहिलाच प्रयोग आपल्याकडे ही गोष्ट वेगळी. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक. बँड, माणसं आणि टनावारी सामान एकाच बोइंग 757 मध्ये भरून तो ते उडवत होता. विमानाच्या मागच्या भागातल्या खुर्च्या काढून सामानाची सोय केलेली. बीकेसीच्या मैदानात इजिप्तचं देऊळ उभं राहिलं, ‘पॉवरस्लेव्ह’ अल्बमच्या काळातलं. जिकडे पाहावं तिकडे काळे टी-शर्ट, काही रंग उडून राखाडी झालेले. आधी चर्चिलच्या भाषणाची ध्वनिफीत, मग ‘एसेस हाय’. त्या रात्रीचं तेच ‘एसेस हाय’ पुढे ‘फ्लाइट 666’ या लाइव्ह अल्बमवर आलं. आमचा ओरडा त्यात कायमचा छापला गेला आहे. ‘फिअर ऑफ द डार्क’ला तर लोक शब्दांच्या आधी गिटारची धूनच गायला लागले. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, ती सगळी त्या खरखरत्या टेपांची पुण्याई.

पुढे सगळंच सुरळीत झालं असं नाही. 2011 मध्ये गुरगावला मेटॅलिकाचा कार्यक्रम ऐन दिवशी बारगळला आणि चिडलेल्या गर्दीने मंचाची मोडतोड केली. दोन दिवसांनी तोच बँड बंगळुरूत वाजवून गेला. मुंबईत बीकेसीची सद्दी ओसरत गेली आणि नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम पुढे आलं. डिसेंबर 2019 मध्ये यू-टूने आपल्या दौऱ्याचा शेवट तिथे केला, ए. आर. रहमानला सोबत घेऊन. जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेच्या तीन रात्री झाल्या. तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत, तरी विक्रीच्या दिवशी स्क्रीनवर आपल्या पुढे लाखो लोक. कॅसेट उतरवून घेणाऱ्या पिढीला ही रांग पाहून हसावं की रडावं कळेना. कोल्डप्ले मला जरा गुळमट वाटतात, पण प्रत्येकाच्या मनगटावरचा पट्टा गाण्याच्या तालावर रंग बदलू लागला की आपलाही हात नकळत वर जातो. जाताना तो पट्टा परत द्यायचा असतो. पुढच्या गावाला तोच वापरतात.

छपराचं मात्र अजून तेच. 17 मे 2025 ला गन्स अँड रोझेस आले ते महालक्ष्मी रेसकोर्सवर, मे महिन्याच्या घामात. नव्वदच्या दशकात त्यांचा गायक अ‍ॅक्सल रोझ लोकांना तासन् तास ताटकळत ठेवण्यासाठी बदनाम होता. मध्यरात्र उलटली तरी त्याला घाई नसे. महालक्ष्मीला त्याच्यासाठीही घड्याळात दहाच वाजणार होते.