जीर्णोद्धार की नवा साज?

जुनी लष्करी गाडी हाती आली की तिच्या मालकापुढे एक प्रश्न उभा राहतो. ती मुळात होती तशी पुन्हा उभी करायची, की आपल्या सोयीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे तिचे रूप पालटायचे? पहिल्या मार्गाला आपण जीर्णोद्धार म्हणू आणि दुसऱ्याला नवा साज. वरवर पाहता हा हौसेचा आणि पैशाचा मामला वाटतो. पण थोडा विचार केला तर ध्यानात येते, की इतिहासाचा विद्यार्थी जुन्या दप्तरापुढे बसतो तेव्हा त्याच्यापुढेही हाच प्रश्न असतो. साधन जपायचे कसे, आणि त्यातले नेमके काय जपायचे?

आमच्या रामवाडीला हा विषय परका वाटू नये. मुंबई-गोवा महामार्ग आणि एस.टी.चा राबता यांमुळे येथल्या माणसाला गाडीची भाषा लहानपणापासून कळते. पत्रा ठोकून सरळ करणे, चासीला जोड देणे, पुट्टी मारून वर रंग चढविणे ही कामे आपण येता-जाता पाहतो. गाडी चालली पाहिजे, हा गॅरेजचा धर्म आहे. संग्रहालयाचा धर्म वेगळा आहे. या दोन धर्मांत कोणता केव्हा पाळावा, एवढाच या लेखाचा विषय आहे. उदाहरणासाठी आपण सर्वांच्या ओळखीची लष्करी गाडी घेऊ, ती म्हणजे जीप.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. आराखडा एकच, म्हणून एकीचा भाग दुसरीला बसे. चार सिलिंडरांचे, सुमारे २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे इंजिन, चारही चाकांना मिळणारी ताकद आणि जेमतेम अकराशे किलोच्या आसपास वजन. ही गाडी ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी हिंदुस्थानात आली आणि युद्ध संपल्यावर उरलेल्या साठ्यातून नागरिकांच्या हाती पडली. १९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे जीप हा शब्दच मराठी झाला.

मग या युद्धातल्या गाड्यांचे झाले काय? पेट्रोल महाग वाटले तेव्हा कोणी डिझेल इंजिन बसविले. माणसे जास्त बसावीत म्हणून कोणी मागचा सांगाडा लांबविला. डावीकडचे चक्र उजवीकडे आले, सहा व्होल्टची वीजव्यवस्था बारा व्होल्टची झाली. सैन्यासाठी १९६९ पासून १९९९ पर्यंत जबलपूरला तयार झालेल्या जोंगा गाडीचीही पुढे हीच गत झाली. तिचे जवळजवळ चार लिटरचे सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारे नव्हते. लिलावात गाडी घेणाऱ्या अनेकांनी पहिले काम केले ते इंजिन बदलण्याचे. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यांना गाडी हवी होती, इतिहास नको होता.

आता प्रश्न निर्णयाचा. निर्णयाची पहिली पायरी म्हणजे ओळख. पुढ्यात उभी असलेली जीप खरोखर दुर्मीळ आहे काय, हे रंगावरून कळत नाही. युद्धकालीन जीपच्या पुढच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात, नंतरच्या नागरी जीपला सात. युद्धातल्या जीपला मागे उघडणारे फळकूट नसते आणि जादा चाक पाठीवर असते. तिचे पुढचे दिवे बिजागरीवर आत वळतात, म्हणजे रात्री इंजिनची दुरुस्ती त्याच उजेडात करता येते. विलीजच्या चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, फोर्डचा चौकोनी घडणीचा. फोर्डने तर आपल्या लहानसहान भागांवर, बोल्टांच्या माथ्यांवरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर उमटविले होते. सर्वांत आधीच्या विलीज जीपची जाळी पत्रा दाबून नव्हे, तर लोखंडी पट्ट्या जोडून केलेली असे. तशा गाड्या सुमारे पंचवीस हजारच झाल्या. अशी एखादी गाडी भंगाराच्या ढिगात निघाली आणि कोणी तिची जाळी कापून चकचकीत नवी बसविली, तर त्याने पंचवीस हजारांतली एक साक्ष पुसली असे म्हणावे लागेल. याउलट चासी एकीची, बॉडी दुसरीची, इंजिन तिसरीचे अशी गाडी असेल, तर तिचा जीर्णोद्धार करायचा म्हणजे कशाचा करायचा? तिला नवा साज चढविला तर कोणाचे काही बिघडत नाही.

दुसरी पायरी अधिक अवघड आहे. मूळ रूप आणायचे म्हणतो, ते कोणते मूळ? आपल्या महाराष्ट्रातच, अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर), १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथील सर्वांत जुन्या वस्तूंत रोल्स-रॉइसची चिलखती गाडी गणली जाते. या जातीच्या गाडीची कुळकथा पाहा. सिल्व्हर घोस्ट ही मुळात श्रीमंतांची आरामगाडी. १९१४ साली महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश आरमाराच्या विमानदळाने तिच्या चासीवर पोलादी पत्रे आणि मशीनगनचा फिरता घुमट चढविला. म्हणजे आज जिला आपण ऐतिहासिक लष्करी वाहन म्हणून मान देतो, ती स्वतःच नवा साज चढविलेली गाडी आहे! ‘मूळ रूप’ म्हणून कोणी तिचे चिलखत उतरवून पुन्हा आरामगाडी केली, तर त्याला जीर्णोद्धार कोण म्हणेल?

जीपचेही तसेच. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या रणात हवालदार अब्दुल हमीद यांनी पॅटन रणगाडे उडविले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्यांची १०६ मिलिमीटरची तोफ जीपवर बसविलेली होती. कारखान्यातून तोफेशिवाय निघालेली गाडी सैन्याने आपल्या गरजेसाठी बदलून घेतली आणि त्या बदलामुळेच ती इतिहासात गेली. म्हणून गाडीचा जन्मदिवस हेच तिचे खरे रूप असे मानण्याची घाई करू नये. कारखान्यातला दिवस, रणांगणातला दिवस आणि नागरी आयुष्यातला दिवस असे तिच्या रूपाचे तीन थर असतात. जीर्णोद्धार करणाऱ्याने आपण कोणत्या थरापाशी थांबणार हे आधी ठरवावे, आणि त्या थराचा पुरावा गाडीवर आहे काय ते पाहावे. पुरावा नसताना केलेला जीर्णोद्धार म्हणजे नवा साजच, फक्त जुन्या कपड्यांतला.

तिसरी पायरी कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशील आणि उत्पादकाने ठरविलेली घडण यांना छेद देणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू उचलून धरली. त्यामुळे रुंद चाके, कापलेली बॉडी, परके इंजिन अशा हौसेला रस्त्यावर मोकळीक नाही. दुसऱ्या बाजूने, जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. मात्र अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची.

येथे एक गंमत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ वा नियम सांगतो, की संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणत्याही गाडीला लष्करी हिरवा रंग देता येणार नाही. म्हणजे खासगी मालकाने एकेक बोल्ट शोधून जीप अस्सल केली, तरी तिचा अस्सल रंग तिला देता येत नाही. कारणही रास्त आहे. सैन्याची गाडी ओळखू यावी आणि तिचे सोंग कोणी आणू नये. यातून एवढेच शिकावे, की जिवंत रस्त्यावर शंभर टक्के जीर्णोद्धार होत नसतो. कोठेतरी आजच्या जगाशी तडजोड करावीच लागते.

तडजोडीचे दुसरे कारण आपल्या कोकणाची हवा. एकीकडे खाडीचा खारा वारा, दुसरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. गाडी जशी सापडली तशीच ठेवायची म्हटले, तर काही पावसाळ्यांत चासी पोखरून निघेल. गंज काढणे, आतून गंजरोधक थर देणे, ब्रेकच्या नळ्या बदलणे यांना पर्याय नाही. आजचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून इंधनाच्या नळ्याही नव्या हव्यात. हे बदल गाडीचा जीव वाचवितात आणि कोणत्याही दिवशी उलटे फिरविता येतात. माझ्या मते निर्णयाची खरी कसोटी येथे आहे. केलेला बदल परत घेता येतो काय? बोल्टने बसविलेले सीट काढता येते. कापलेली चासी पुन्हा अखंड होत नाही. मूळ कार्ब्युरेटर कागदात गुंडाळून कपाटात ठेवला, तर पुढच्या पिढीला तो मिळतो. भंगारवाल्याला दिला, तर मिळत नाही.

काहीच न ठरविणे हाही एक निर्णय असतो, आणि तो सर्वांत वाईट. विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू नौका १९९७ साली निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत ती तरते संग्रहालय म्हणून उभी होती. पण तिचे कायमचे काय करायचे ते ठरेना. शेवटी २०१४ साली तिची तोडणी सुरू झाली. तिच्या पोलादाचा काही अंश २०१६ साली बाजारात आलेल्या एका मोटारसायकलीत गेला. आठवण म्हणून ते ठीक, पण त्या मोटारसायकलीकडे पाहून नौकेचा डेक कसा होता हे कोणालाही समजणार नाही.

आपले पेण गणेशमूर्तींचे गाव. येथे दरवर्षी मूर्ती नवी घडते, नवा रंग लेते आणि अनंत चतुर्दशीपर्यंत पाण्यात जाते. तिच्या नवेपणातच तिचे सौंदर्य आहे. पण गाभाऱ्यातली दगडी मूर्ती झिजली, तर तिच्यावर कोणी नवे नाकडोळे कोरीत नाही. जाणकारांकरवी लेप देऊन आहे ते टिकवितात. गाड्यांतही हे दोन प्रकार आहेत. जिच्यासारख्या हजारो आहेत किंवा जिचा नुसता सांगाडा उरला आहे, तिला कायद्यात बसेल तो साज खुशाल चढवावा. जिच्यासारख्या थोड्याच उरल्या आहेत आणि जिच्या अंगावर पुरावा शाबूत आहे, तिच्यावर हत्यार चालविण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. दोन्ही बाबतींत आधी छायाचित्रे घ्यावीत, आकडे टिपावेत, काय बदलले त्याची वही ठेवावी.

आणि ती वही लिहिताना नागरी आयुष्यातला थर विसरू नये. राजांची आणि सेनापतींची दप्तरे असतात. गॅरेजमध्ये दिवसभर राबणाऱ्या मिस्त्रीचे दप्तर नसते. चासीवरचा त्याचा जोड, दुसऱ्या गाडीच्या पाट्यातून त्याने घडविलेला कंस, ड्रायव्हरने स्टिअरिंगला गुंडाळलेली दोरी, हीच त्याची अक्षरे. हजारो मैलांवरच्या कारखान्यातून आलेल्या लोखंडाला येथल्या ज्या हातांनी सत्तर-ऐंशी वर्षे चालते ठेवले, त्यांचा इतिहास बहुधा दुसरीकडे कोठेही लिहिलेला नाही. ‘मूळ रूपा’च्या नावाखाली तो घासून टाकायचा असेल तर टाकावा, पण त्याआधी तो एकदा वाचून, वहीत उतरवून घ्यावा.