पुड्याची दर्शनी बाजू

ग्राहक हा बाजारपेठेचा राजा, असे आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना शिकविले जाते. पण भालकीच्या किराणा दुकानात बिस्किटांचा पुडा घेताना हा राजा वाचतो काय? साखर, मीठ व चरबीचे आकडे मागील बाजूस, बहुधा बारीक इंग्रजी अक्षरांत असतात. माझी आई मराठी वाचते, शेजारच्या अक्का कन्नड. आणि दोन्ही घरांत मधुमेहाचे रोगी आहेत.

त्याच पुड्यावरील हिरवा ठिपका मात्र दोघीही ओळखतात. शाकाहाराची ही खूण २००१ च्या नियमाने सक्तीची झाली. तिला लिपी लागत नाही.

चिली देशाने २०१६ पासून जादा साखर, मीठ वा चरबीच्या मालावर दर्शनी भागी काळे अष्टकोन छापविले, जाहिरातींवरही बंधने घातली. पुढील दीड वर्षात अशा गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. आपल्याकडे २०२२ च्या सरकारी मसुद्याने अर्ध्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत गुणांकन सुचविले. परंतु तारा म्हणजे शाबासकी. दोन ताऱ्यांचा मालही चांगलाच वाटणार. गिऱ्हाइकांच्या गर्दीत पुडा उलटून पाहण्यास सवड नसते. म्हणून आमच्या सीमाभागास शाबासकीची नव्हे, सावध करणारी खूण हवी, असे मला वाटते.