रोग्याची संमति

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं रुग्णालयांतील कारकून एक छापील कागद पुढें करतो. घरांतील कर्ता मुलगा किंवा जांवई तो न वाचतांच सही करून मोकळा होतो. ज्याच्या पोटावर उद्यां सुरी चालावयाची, तो गृहस्थ त्याच खोलींत चांगला शुद्धीवर असतो. त्याला मात्र कोणी विचारीत नाहीं. वडील माणसाला उगाच काळजी नको, असा सर्वांचा सद्हेतु असतो. ही रीत इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तींत कांहीं चुकतें आहे असें मनांतही येत नाहीं. परंतु प्रौढ व शुद्धीवर असलेल्या रोग्याच्या देहाविषयीं संमति देण्याचा अधिकार ना मुलाचा आहे, ना पतीचा, ना आईबापांचा. तो एकट्या रोग्याचा आहे.

याविषयीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें १६ जानेवारी २००८ रोजीं दिलेला निकाल प्रत्येक घरांत माहीत असावयास हवा. हकीकत १९९५ सालची, दिल्लीची. ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री दीर्घकाळ चाललेल्या मासिक रक्तस्रावामुळें एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. दुर्बिणीनें पोटाची तपासणी करावी, तींतूनच होण्याजोगा उपचार करावा व जरूर पडल्यास पोट उघडावें, एवढ्याला तिनें लेखी संमति दिली. ती भुलीखालीं असतांना डॉक्टरीणबाईंच्या मदतनीस बाहेर आल्या आणि दाराशीं बसलेल्या आईची संमति घेऊन गेल्या. नंतर तिचें गर्भाशय, दोन्ही बीजकोश व बीजवाहिन्या काढून टाकण्यांत आल्या. ती शुद्धीवर आली तेव्हां सर्व होऊन गेलें होतें!

राष्ट्रीय ग्राहक आयोगानें तिची तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयानें ती अंशतः मान्य केली. डॉक्टरीणबाईंनीं जें केलें तें सद्भावनेनें व रोग्याच्या हिताकरितां केलें, हें न्यायालयानें नाकारलें नाहीं. तरीही त्या दोषी ठरल्या, आणि निकालाचें मर्म येथेंच आहे. थोड्या वेळानें भूल उतरली असती आणि त्या स्त्रीलाच विचारतां आलें असतें. तेवढें थांबल्यानें तिच्या जिवाला धोका नव्हता. अशा वेळीं आईच्या संमतीला किंमत नाहीं. एका शस्त्रक्रियेला दिलेली संमति दुसरीला लागू पडत नाहीं, असेंही न्यायालयानें सांगितलें. डॉक्टरीणबाईंचा फीवरील हक्क गेला व २५,००० रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला. गमावलेल्या अवयवांच्या मानानें ही रक्कम क्षुल्लकच होय.

तत्त्व तसें जुनें आहे. ईथरखालीं केवळ तपासणी करा, शस्त्रक्रिया नको, असें बजावलेल्या एका स्त्रीच्या पोटांतील गांठ न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयांत काढण्यांत आली होती. आपल्या देहाचें काय करावयाचें तें शहाण्या व प्रौढ माणसानें स्वतःच ठरवावें, असें न्यायमूर्ति कार्डोझो यांनीं त्या खटल्यांत १९१४ सालीं लिहिलें. रुग्णालय धर्मादाय असल्यामुळें त्या बाईच्या पदरांत मात्र कांहींच पडलें नाहीं.

आतां संमति म्हणजे नुसती सही नव्हे. उपचार कोणता, कशासाठीं, त्यापासून लाभ काय, मोठा धोका कोणता, दुसरा मार्ग आहे काय, आणि कांहींच न केल्यास काय होईल, इतकें रोग्याला समजेल अशा भाषेंत सांगितलें पाहिजे. दुर्मिळांतले दुर्मिळ धोके सांगून त्याला घाबरवावें, अशी न्यायालयाची अपेक्षा नाहीं. आणि तें योग्यच आहे. रोगी बेशुद्ध असून जिवावरचा प्रसंग असेल, तर संमतीसाठीं खोळंबूं नये. अपघातांत सांपडलेल्याला प्रथम उपचार द्यावेत, पोलिसांचे सोपस्कार मागाहून, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालींच ठरविलें आहे. अज्ञान मुलांबाबत पालकांची संमति चालते.

सर्वांत अवघड प्रसंग असाध्य रोगाचा. कर्करोगाचें नांव ऐकतांच नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेऊन विनवितात, ‘त्यांना सांगूं नका हो.’ ही विनवणी मायेपोटीं असते हें खरें. पण ज्याला मृत्युपत्र करावयाचें आहे, दुरावलेल्या भावाला एकदां भेटावयाचें आहे किंवा यातनामय औषधें नाकारून घरींच राहावयाचें आहे, त्याचे उरलेले दिवस परस्पर दुसऱ्यांनींच वांटून टाकावे काय? ‘मला कांहीं सांगूं नका, मुलाशीं बोला,’ असें रोग्यानें स्वतः म्हटलें तर गोष्ट निराळी. तीही त्याचीच इच्छा. पण त्यासाठीं आधीं त्याला विचारावें लागतें.

संमति कशाला दिली होती व प्रत्यक्ष केलें काय, हें मागाहून पाहावयाचें तर कागदपत्र हवेत. ते रोग्याला मिळाले पाहिजेत, असें मुंबई उच्च न्यायालयानें १९९६ सालीं सांगितलें. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणें रोग्यानें किंवा त्यानें अधिकार दिलेल्या माणसानें मागणी केल्यास तिची पोंच देऊन ७२ तासांच्या आंत कागद द्यावयाचे असतात. मागणी लेखी करावी, आणि पोंच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलूं नये.