कुठली शर्यत सोडायची?

भाजे गावच्या पोरांच्या लेखी पोहण्याचे प्रकार दोनच: सूर आणि मुटका. पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकललं की आठवड्याभरात शिक्षण संपतं, आणि पुढची स्पर्धा म्हणजे तळातलं नाणं कोण आणतो एवढीच. गेल्या उन्हाळ्यात इथल्याच एका ओळखीच्या मुलानं मळवलीहून लोकल पकडून शहरातल्या तलावावर जायला सुरुवात केली. दिवाळीच्या तोंडावर शाळेच्या स्पर्धेचा फॉर्म घेऊन तो माझ्याकडे आला. चार स्ट्रोक, वेगवेगळी अंतरं आणि प्रत्येक चौकटीत पेनानं काढलेली बरोबरची खूण. वडील सोबत होते. म्हणाले, ''काका, थाळीचे पैसे दिलेतच, तर सगळं वाढून घेऊ द्या की.''

त्यांचं चुकलं म्हणवेना. पण मोठ्या स्पर्धेत जलतरणपटूचं अर्धं डोकं काय वाढून घ्यायचं नाही हे ठरवण्यात जातं. ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या पदकासाठीही हीट, उपांत्य आणि अंतिम अशा तीन वेळा पाण्यात उतरावं लागतं. असे तीन इव्हेंट घेतले की नऊ फेऱ्या झाल्या, वर रिले. केटी लेडेकीनं २०२४ च्या अमेरिकी निवड चाचणीत २०० मीटर फ्रीस्टाइल जिंकली आणि पॅरिसला ती वैयक्तिक शर्यत सोडून दिली. ८०० आणि १५०० साठी दम राखायचा होता. तिथंच लिऑन मार्शां या फ्रेंच पोरानं उलटा डाव टाकला. २०० मीटर बटरफ्लाय आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक त्याला दोन्ही हवे होते, म्हणून त्याच्यासाठी वेळापत्रकच हलवलं गेलं. ३१ जुलैच्या संध्याकाळी त्यानं दोन तासांच्या आत दोन्ही सुवर्णपदकं नेली. यजमान देशाचा लाडका असला की एवढं होतं. आपल्याकडच्या कुणासाठी वेळापत्रक हललेलं मी तरी ऐकलेलं नाही.

आपल्याकडचं मोठं नाव कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला तो गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता, आणि ५०, १०० नि २०० मीटर फ्रीस्टाइल अशा तिन्ही शर्यतींत उतरला. त्या वयात तेच बरोबर, असं मला वाटतं; अंगात काय आहे हे पाण्यात पडल्याशिवाय कळत नाही. पण ५० आणि २०० ही सख्खी भावंडं नव्हेत. ५० मीटरला टर्न नाही, श्वास घेतला तर एखादा, सगळा खेळ ब्लॉकवरून सुटण्याचा आणि पाण्याखालच्या किकचा. २०० मीटरला तिसऱ्या लांबीनंतर हात शिशाचे होतात आणि ते ओढत न्यायची सवय वेगळ्या सरावातून येते. एका शरीराकडून दोन्ही मागितलं की दोन्हीकडे थोडं थोडं उणं पडतं.

वीरधवलचा ओघ हळूहळू ५० मीटरकडे वळला आणि तिथं त्याला खरा सूर सापडला तो बटरफ्लायमध्ये. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आणलं. १९८६ ला सोलमध्ये खजान सिंगनं रौप्य मिळवल्यानंतर चोवीस वर्षांनी भारताला आशियाई जलतरणात पदक दिसलं. आता यातली मेख बघा. तेव्हा ऑलिंपिकमध्ये ५० मीटर बटरफ्लाय हा इव्हेंटच नव्हता. ५० मीटर असायचं ते फक्त फ्रीस्टाइलचं, तेही १९८८ पासून. म्हणजे ज्या शर्यतीत हा मुलगा आशियात तिसरा, तिचं दार जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत बंद. एक तर लांबीनं दुप्पट, टर्नसकटची १०० मीटर बटरफ्लाय घ्या, नाहीतर फ्रीस्टाइलमध्ये जगातल्या धिप्पाड स्प्रिंटरांच्या रांगेत उभे राहा. याला निवड कसली म्हणायची?

मग राज्य सरकारची नोकरी आली, मालवणला तहसीलदारकी आली. सातबाराच्या फायली आणि सकाळचा सराव एका दिवसात बसवणं ही बटरफ्लायपेक्षा अवघड गोष्ट असावी. तरी २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तो ५० मीटर फ्रीस्टाइलला उभा राहिला. सकाळी हीटमध्ये २२.४३ सेकंद, नवा राष्ट्रीय विक्रम. संध्याकाळी अंतिम फेरीत २२.४७. तिसरा आलेला जपानी पोहणारा २२.४६. सेकंदाचा शंभरावा भाग, म्हणजे त्या वेगाला पाण्यात साधारण दोन सेंटिमीटर; बोटाचं एक पेर. सकाळचंच टायमिंग संध्याकाळी लागलं असतं तर ब्राँझ गळ्यात होतं. बीजिंगला मायकेल फेल्प्सनं १०० मीटर बटरफ्लाय याच एका शंभरांशानं जिंकली होती. तेच पेर त्याच्या बाजूनं पडलं.

२०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत वीरधवल आणि त्याची पत्नी ऋजुता, दोघांनीही ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं आणि त्यानं तिथंच निवृत्ती जाहीर केली. पुढे २०२५ मध्ये ठरलं की लॉस एंजेलिस २०२८ ला ५० मीटर बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोक ऑलिंपिकमध्ये येणार. बातमी वाचून मी चहाचा कप खाली ठेवला आणि थोडा वेळ तसाच बसलो.

मुरलीकांत पेटकरांची गोष्ट वीरधवलच्या अगदी उलटी. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचा हा जवान मूळचा बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं आणि उपचार म्हणून पाण्यात उतरावं लागलं. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत जिंकून त्यांनी भारताला पॅरालिंपिकचं पहिलं सुवर्ण दिलं. त्याच स्पर्धेत ते भालाफेक आणि व्हीलचेअर स्लॅलममध्येही उतरले होते. भाज्याच्या त्या बापाला हे सांगायला नको, नाहीतर तो भालाफेकीचाही फॉर्म आणेल.

शेवटी आम्ही ओसरीवर बसून फॉर्मवर काट मारायला घेतली. २०० मीटर मिडले गेली. बॅकस्ट्रोक पोरानं स्वतःच खोडला: ''विहिरीत पाठीवर पोहताना डोकं दगडावर आपटलं, तेव्हापासून भीती बसलीय.'' ५० मीटर फ्रीस्टाइल ठेवली. ५० मीटर बटरफ्लायपाशी त्याचा पेन थांबला.

''ही ठेवू?'' त्यानं विचारलं.

''येते का?''

''अर्ध्यापर्यंत येते,'' तो म्हणाला, आणि खूण तशीच ठेवून त्यानं पेनाला टोपण लावलं.